सोंडकिड्याचं बारसं करायचंय? मायक्रोस्कोप हा घ्या, पण लाइट वेगळा घ्या

आधीच सांगते, ज्यांना शाळेत मुलांना कांद्याच्या सालीतल्या पेशी दाखवायच्यात त्यांनी हा रिव्ह्यू सोडून द्या, ते काम याच्यात होत नाही, त्याला साधा कंपाउंड, म्हणजे स्लाइड ठेवून बघायचा नेहमीचा मायक्रोस्कोप लागतो. हा आहे स्टिरिओ झूम, ट्रायनॉक्युलर, म्हणजे दोन डोळ्यांनी बघायचं आणि वरच्या तिसऱ्या नळीत कॅमेरा लावायचा, ७ ते ४५ एक्स, अंबाल्याहून बनून येतो. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हाच तुकडा चार-पाच वेगवेगळ्या स्टिकरखाली मिळतो, बॉडी तीच, नॉब तोच, फक्त रंग कधी पांढरा कधी करडा. मला सगळं धरून तीस हजाराच्या आत-बाहेर पडला, स्वतःच्या खिशातून, कॉलेजचा एक रुपया नाही, त्यामुळे बोलायला मोकळी आहे.

घेतला कशाला ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. माझा एक जुना विद्यार्थी, पेठ तालुक्यातला, आता एमएस्सी करतोय, त्याने हरसूलकडच्या रानातला पाचोळा चाळून आणला (परवानगी काढून, हे लिहायलाच पाहिजे नाहीतर लोक लगेच सुरू होतात), फनेलवर बल्ब लावून ठेवला, आणि खाली अल्कोहोलच्या बाटलीत जे पडलं त्यात एक अडीच मिलिमीटरचा सोंडकिडा होता. आमच्या माहितीतल्या कशाशीच तो जुळत नाहीये. नवीन प्रजाती असावी असा दाट संशय आहे, पण संशयच, आणि जीनस (म्हणजे प्रजातीच्या वरचा गट) कोणता ते इथे फोडणार नाही, पेपर येण्याआधी नाव हवेत सोडायचं नसतं. तर या किड्याचं वर्णन लिहायला जे जे बघावं लागतं ते ते या मायक्रोस्कोपमध्ये दिसतं का, एवढाच माझा प्रश्न होता.

दुकानदाराचा किस्सा थोडक्यात. नाशकातच घेतला, नाव नाही सांगत. मी विचारलं वर्किंग डिस्टन्स किती, तर म्हणे "मॅडम, चाळीस टाइम झूम आहे, मुंगीचे दात दिसतील." मी परत विचारलं, तर म्हणे "दात दिसतील ना मॅडम." बरं. कॅटलॉगमध्ये शंभर मिलिमीटर लिहिलेलं होतं आणि घरी पट्टी लावून बघितलं तर तेवढंच निघालं, म्हणजे लेन्सपासून किड्यापर्यंत चार बोटं जागा, चिमटा आणि सुई दोन्ही आरामात जातात. डिलिव्हरी मात्र चक्क रिक्षात मांडीवर घेऊन करावी लागली, "इन्स्टॉलेशन फ्री" म्हणजे एक पोरगा येऊन प्लग लावून गेला.

आता ऑप्टिक्स. इथे मी खूश आहे. पहिली टेस्ट घरातल्या तांदळावर घेतली, कारण नवीन किड्यावर हात चालवण्याआधी ज्याचं सगळं माहीत आहे तो किडा बघावा. तांदळातले सोंडे, सायटोफिलस ओरायझी, लिनियसने १७६३ मध्ये नाव दिलेला, नाशकात ज्याच्या घरी इंद्रायणीचं पोतं आहे त्याच्याकडे फुकट उपलब्ध. पाठीवर चार लालसर डाग असतात ते १५ एक्सलाच दिसतात. ४० ला गेलं की अँटेनाचा कोपरा दिसतो, सोंडकिड्याची अँटेना सरळ नसते, पहिला लांब दांडा, मग कोपरातून वळून बारके मणी, आणि टोकाला गदा. त्या बारक्या मण्यांना फ्युनिकल म्हणतात आणि ते मोजणं हे सोंडकिडेवाल्यांचं पहिलं काम, तांदळातल्या सोंड्यात सहा असतात, बऱ्याच इतर सोंडकिड्यांत सात. सहा की सात हे जर तुमच्या मायक्रोस्कोपमध्ये कळत नसेल तर तो मायक्रोस्कोप परत करा. यात कळतात. स्वच्छ कळतात, डोळे मिचकावत बसावं लागत नाही, फक्त शेवटचा मणी गदेला चिकटून असेल तर किडा जरा फिरवून बघावा लागतो.

खरी परीक्षा वेगळी. तांदळातला ओरायझी आणि त्याचा भाऊ सायटोफिलस झीमेज, मक्यावरचा, हे दोघं वरून इतके सारखे की वर्षानुवर्षं एकच समजले जायचे. खात्रीने वेगळे करायचे तर नराचं जननेंद्रिय काढून बघायचं, ओरायझीत वरची बाजू गुळगुळीत, झीमेजमध्ये दोन लांब खोबणी. आता हा अवयव काढायचा म्हणजे पोट मऊ करायला १० टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), मग पाणी, मग ग्लिसरीन, मग दोन बारीक सुया. ४५ ला खोबण दिसते का? दिसते, पण काठावर पास. तुम्हाला माहीत असेल काय शोधायचंय तर दिसते, माहीत नसेल तर सुटेल. पेपरमधलं चित्र काढायला मी हा अवयव स्लाइडवर घेऊन कॉलेजच्या कंपाउंडखाली नेते, ते बरं. सुटं करण्याचं काम मात्र यातच, आणि दोन्ही डोळ्यांनी खोली दिसत असल्यामुळे सुई नेमकी कुठे आहे ते कळतं, साध्या मायक्रोस्कोपखाली हे अशक्य आहे.

पायाचा सांधा सुटा करताना एक गोष्ट आठवली ती सांगतेच. २०११ मध्ये जर्मनीतल्या लोकांनी ट्रायगोनॉप्टेरस नावाच्या न्यू गिनीतल्या सोंडकिड्याचा मांडीचा सांधा एक्स-रे टोमोग्राफीने बघितला तर तो चक्क आट्यांचा निघाला, आतून नट, बाहेरून स्क्रू, पाय फिरवून बसवलेला. सातपूर-अंबडमध्ये थ्रेडिंग करणाऱ्या कोणालाही दाखवा, दोन मिनिटं शांत बसेल. आमच्या त्या एमएस्सीवाल्या पोराला सांगितलं तर तो म्हणे मॅडम, मग हा पाय सुलटा फिरवून काढू का उलटा. सायन्समध्ये असे प्रश्न विचारणारी पोरं टिकतात.

आता मुख्य तक्रार, आणि इथे जरा वेळ घेणार आहे. लाइट. सोबत एलईडी रिंग येते, लेन्सभोवती गोल बसते, आणि दुकानात ती लावून नाणं दाखवतात तेव्हा भारी वाटतं. सोंडकिडा नाणं नाही. त्याची पाठ चकचकीत आणि फुगीर असते, रिंग लावली की पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचं कडं उमटतं, आणि नेमकं त्या कड्याखाली जे बघायचं ते जातं, म्हणजे पाठीवरच्या ओळीतले खड्डे, दोन ओळींमधली जागा उंच आहे की सपाट, तिथे खवले आहेत का केस आहेत, खवले असतील तर गोल की लांबट. वर्णनात निम्मा मजकूर यावरच असतो. ब्राइटनेस कमी केला तर कडं फिकं होतं पण जात नाही. एक संध्याकाळ तर मी एका खड्ड्यावर वाद घालत बसले होते, पोरगा म्हणे खड्डा आहे, मी म्हणे एलईडी आहे.

उपाय स्वस्त आहे. कॉलेज रोडवर कुठल्याही स्टेशनरीत ट्रेसिंग पेपर मिळतो, त्याची बोटभर उंचीची नळकांडी करायची, किड्याभोवती उभी करायची, आणि रिंग बंद करून बाहेरून दोन वाकड्या मानेचे टेबल लॅम्प लावायचे. प्रकाश चाळून येतो आणि ठिपके गायब. खवल्यांचा रंग आणि आकार बघायला हे बेस्ट. खड्डे आणि खोबणी बघायच्या असतील तेव्हा उलट करायचं, कागद काढायचा, एकच लॅम्प अगदी खाली आडवा आणायचा म्हणजे सावल्या पडतात आणि पृष्ठभाग उठून दिसतो. हे दोन्ही करून बघितल्याशिवाय "गुळगुळीत" हा शब्द वर्णनात लिहू नका. माझं स्पष्ट मत, ज्यांच्याकडे पाच हजार जास्तीचे आहेत त्यांनी ते २ एक्सच्या जोडलेन्सवर घालू नयेत, चांगल्या दोन लॅम्पवर घालावेत. ती जोडलेन्स मीही लावून बघितली, मॅग्निफिकेशन ९० होतं खरं, पण चित्र मोठं होतं, तपशील वाढत नाही, आणि शंभर मिलिमीटरची जागा तीसच्या आसपास येते, सुई लेन्सला आपटते.

दुसरी तक्रार मोजमापाची, आणि ही फक्त वर्णन लिहिणाऱ्यांना लागू. झूमचा नॉब सलग फिरतो, अधेमधे टक् करून थांबायची जागा नाही. आयपीसमध्ये स्केल बसवली (वेगळी घ्यावी लागते), खाली स्टेज मायक्रोमीटर ठेवला, म्हणजे काचेवर एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेली पट्टी, आणि ४० एक्सला हिशोब जुळवला तर स्केलचं एक घर ०.०२५ मिमी येतं. छान. पण उद्या नॉब ४० च्या खुणेवर डोळ्याने लावला आणि तो प्रत्यक्षात ४२ वर असेल तर ०.६० मिमीची सोंड ०.६३ होते, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. गंमत म्हणजे नॉब न हलवता सोंड आणि छातीचं कवच दोन्ही मोजलं तर त्यांचा रेशो बरोबरच येतो, आकडा चुकतो पण रेशो वाचतो, म्हणून जाणती माणसं सोंडेची लांबी छातीच्या कवचाच्या कितीपट असं लिहितात ते उगाच नाही. आम्ही नॉबवर पांढऱ्या पेनने रेघ मारली आणि प्रत्येक बैठकीला आधी मायक्रोमीटर बघायचा नियम केला. कंपनीने एक टक् दिला असता तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता. आणि हो, अंगाची लांबी सोंड सोडून मोजायची असते, सोंड वर-खाली हलते, आणि मादीची बहुतेक वेळा लांब असते कारण ती सोंडेने भोक पाडून आत अंडं घालते. सोंड धरून मोजलेला आकडा दुसऱ्या कोणाच्या आकड्याशी जुळत नाही.

कॅमेरा. बॉक्ससोबत जो यूएसबी आयपीस कॅमेरा येतो तो ठेवून द्या. फोटो मऊ येतात, रंग निळसर, आणि मोठा प्रश्न खोलीचा, ४० एक्सला फोकसमध्ये किड्याचा एक पातळ थरच राहतो, पाठ दिसली तर पाय धुरकट. यावर सगळे जण स्टॅकिंग करतात, फोकस जरा जरा खाली नेत वीस-तीस फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरने जोडायचे. पण यात फाइन फोकस नाही, एकच जाडा नॉब, तो एवढा ढोबळ की दोन फोटोंमध्ये नेमका लागणारा थर निसटतो. आम्ही शेवटी मोबाइल होल्डरने आयपीसवर लावून काम भागवलं, लेबलसाठी आणि चर्चेसाठी ठीक. छापायचे फोटो दुसरीकडे जाऊन काढणार. कॅमेऱ्याला पाचपैकी दोन, तेही होल्डरच्या स्क्रूसाठी.

स्टँड जड आहे, हलत नाही, बेस्ट. काळी-पांढरी प्लेट दिलीय, फिकट किड्याला काळी, काळ्या किड्याला पांढरी. सोंडकिड्यांची सवय माहीत असेलच, हात लागला की पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग, फांदीवरून टपकन खाली. त्यामुळे गोळा करताना उलटी छत्री धरून फांदी झोडपायची, आणि जिवंत किडा या प्लेटवर ठेवला तर बराच वेळ खडा होऊन पडून राहतो, फोकस करायला उलट सोपं जातं. मग एकदम उठतो आणि चालायला लागतो, आणि १०० मिलिमीटरच्या त्या मोकळ्या जागेचा उपयोग त्याला जास्त होतो.

आता जे लोक मला विचारतायत की हा घेतला तर नवीन प्रजाती शोधता येईल का, त्यांना. मायक्रोस्कोपने किडा दिसतो, नवीन आहे हे दिसत नाही. ते दिसायला बाकीचे सगळे जुने बघावे लागतात. सोंडकिड्यांच्या साठ हजाराच्या आसपास प्रजातींची वर्णनं झालीत, भारतातल्यांसाठी आजही गाय मार्शल (Guy Marshall) या ब्रिटिश कीटकतज्ज्ञाचा १९१६ चा, फौना ऑफ ब्रिटिश इंडिया या ग्रंथमालेतला खंड उघडावा लागतो, आणि त्यात सगळे नाहीत, फक्त काही गट. मूळ नमुने तर बहुतेक बाहेर, मार्शलचे लंडनला, फाउस्टचे ड्रेस्डेनला. फाउस्ट म्हणजे ज्याने १८९१ मध्ये मायलोसेरस अनडेसिमपस्ट्युलेटस हे नाव दिलं, तो करडा सोंडकिडा जो आपल्याकडे वांगी, भेंडी, कपाशी कशावरही पानाच्या कडा कुरतडलेल्या ठेवतो. त्यामुळे पहिला फोन दुकानात नाही, पुण्याला आकुर्डीच्या झेडएसआयच्या (झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया) केंद्रात करा, तिथली पेटी बघू द्या म्हणावं.

नवीन आहे अशी खात्री झाली तरी नियम आहेत. एकच नमुना होलोटाइप, म्हणजे ज्याच्याशी ते नाव कायमचं बांधलं जातं तो, म्हणून ठरवायचा, लाल लेबल लावायचं, तो कुठे ठेवणार ते पेपरमध्ये लिहायचं, बाकीचे पॅराटाइप. ऑनलाइन जर्नल असेल तर झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंद लागते, २०१२ पासून तो नियम आहे, नोंद नाही तर नाव धरलं जात नाही. आणि आपल्याकडे जैविक विविधता कायदा २००२ चं कलम ३९, नवीन प्रजाती मिळाली तर ठरवून दिलेल्या संस्थेला कळवायचं आणि नमुना तिथे जमा करायचा, प्राण्यांसाठी ती झेडएसआय. घरच्या शोकेसमध्ये ठेवून फोटो टाकणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

आणि वर्णन म्हणजे "बारका, तपकिरी, चकचकीत, सुंदर" नव्हे. शेजाऱ्यापासून तो कशाने वेगळा पडतो ते पहिल्या दोन ओळीत आलं पाहिजे. यात आलेक्झांडर रीडेल या जर्मन सोंडकिडेवाल्याची आणि त्याच्या मंडळींची पद्धत मला आवडते, २०१३ मध्ये न्यू गिनीतले १०१ ट्रायगोनॉप्टेरस एका दमात, छोटी वर्णनं, फोटो, डीएनए, आणि नावं सुचेनात तेव्हा पापुआ न्यू गिनीच्या टेलिफोन डिरेक्टरीतून आडनावं उचलली. २०१९ मध्ये सुलावेसीतले आणखी १०३, त्यात योडा, ॲस्टेरिक्स, ओबेलिक्स. काही लोक नाकं मुरडतात, मुरडू द्या. दोन-तीन मिलिमीटरचे किडे, जंगलं चाललीत, चार पानांचं लॅटिन कोण लिहीत बसणार.

"नाव देऊन काय मिळतं" हा प्रश्न स्टाफरूममध्ये रोज येतो. कसमादेत (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) डाळिंबाच्या खोडाला बारीक भोकं पाडणाऱ्या भुंगेऱ्याने बागा गेल्यात, शॉट होल बोरर म्हणतात. या बोररांना सोंड नसते पण हेही सोंडकिड्यांच्याच कुटुंबातले. त्यातला एक, युवॉलेशिया फॉर्निकेटस, १८६८ मध्ये नाव दिलेला, एकच समजत होते आणि गेल्या काही वर्षांत कळलं की तो चार प्रजातींचा घोळ आहे. कुठला कोणत्या झाडावर जातो हे नाव नीट लागल्याशिवाय कसं सांगणार? उलटं उदाहरण पाणवेलीचं, म्हणजे जलपर्णीचं, गोदावरीत दरवर्षी ज्यावरून बोंब होते ती. तिला खाणारा निओकेटिना आयकॉर्निए हा सोंडकिडा १९७० मध्ये पहिल्यांदा वर्णन झाला, त्याच्या जोडीचा निओकेटिना ब्रुकी १९२६ चा, आणि १९८२ मध्ये दोघंही भारतात आणले गेले ते पाणवेल खाण्यासाठी. ब्रुकीच्या पाठीवर व्ही आकाराचा फिका पट्टा, आयकॉर्निएच्या पाठीवर दोन काळसर रेषा, या मायक्रोस्कोपला १० एक्सला फरक कळेल. पाणवेलीच्या पानावर चौकोनी खरवडल्यासारखे बारके डाग दिसले तर पान उलटं करून बघा, दिवसा ते देठाच्या बेचक्यात लपतात.

तर घ्यायचा का? कीटकांचं काम करणाऱ्याने, पीएचडीच्या पोरांनी, शेतकरी गटाने एकत्र मिळून, घ्या, या किमतीत ऑप्टिक्सला तोड नाही. मी चार स्टार देतेय, एक स्टार रिंग लाइट आणि त्या बिनटक्क्याच्या नॉबचा कापलाय, कॅमेरा मी मोजतच नाही. विकत घेताना दुकानातच दोन्ही डोळ्यांनी झूम ७ वरून ४५ ला नेऊन बघा, फोकस टिकला पाहिजे आणि दोन चित्रं एकावर एक राहिली पाहिजेत, दोन तुकड्यांमध्ये फरक असतो, मी पहिला तुकडा याचमुळे तिथेच बदलून घेतला. दुकानदार कुरकुरेल. आयपीसची स्केल आणि मायक्रोमीटर बिलात धरून मागा, नंतर वेगळे घेतले तर महाग पडतात. आणि त्र्यंबक साइडला राहणाऱ्यांनी पावसाळ्यात तो उघडा ठेवू नये, लेन्सच्या आत बुरशी धरते आणि ती पुसता येत नाही, झाकण घालून आत सिलिका जेलची पिशवी टाका, निळी गुलाबी झाली की तव्यावर गरम करून परत वापरा. झाकण बॉक्समध्ये येत नाही, मागून घ्यावं लागतं.